गाडी मिसिंग करतेय? आधी प्लग, मग वायर, शेवटी कॉइल

गाडी उभी असताना, आयडलला, इंजिन जरासं थरथरतं, पण सपाटीला गाडी ठीक पळते. घाट लागला, तिसऱ्या गिअरला पाय दाबला की धक्के सुरू. गॅरेजमध्ये याला ‘मिसिंग’ म्हणतात आणि बोनेट उघडायच्या आत उत्तरही मिळतं : ‘कॉइल गेली.’ नवी कॉइल बसते, काही महिने बरे जातात आणि पुन्हा तेच रडगाणं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. कॉइल गेली होती हे खरंच असतं, पण ती कशापायी गेली ते कोणी पाहिलेलं नसतं.

यातली मेख अशी : कॉइल म्हणजे बॅटरीची वीज हजारो व्होल्टवर नेणारी दोन गुंडाळ्यांची जोडी, पण तिच्यातून किती व्होल्ट निघतात हे कॉइल नाही, प्लग ठरवतो. प्राथमिक गुंडाळीतला प्रवाह तुटला की दुसऱ्या गुंडाळीतला विजेचा दाब चढायला लागतो आणि प्लगच्या गॅपमध्ये ठिणगी उडेपर्यंत चढत राहतो. गॅप व्यवस्थित असेल आणि इंजिन आयडलला असेल तर दहा-बारा हजार व्होल्टमध्ये काम भागतं. गॅप झिजून रुंदावला, वर चढावर सिलिंडरमधला दाबही वाढला, की तेच काम वीस-पंचवीस हजारांवर जातं. कॉइलची ताकद तीस-चाळीस हजारांपर्यंत असते, पण रोज त्या टोकाशी राबवली तर आतलं इन्शुलेशन एक दिवस फुटतं. वीज पाण्यासारखी उतार शोधते. गॅपमधून जाणं अवघड झालं तर प्लगवरच्या रबरी बुटातली चीर, डेल्कोच्या (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डब्याच्या) टोपीवरची ओल किंवा कॉइलचं पोट, जिथून सोपं तिथून निघून जाते. आयडलला ठीक आणि चढावर मिसिंग, याचं कारणही हेच.

तुमच्या गाडीत कोणती रचना आहे

पद्मिनी, अँबेसेडर, कार्बोरेटरवाली मारुती ८०० आणि ओम्नी : एक कॉइल, एक डेल्को (डिस्ट्रिब्युटरला गॅरेजात हेच नाव) आणि प्रत्येक प्लगला एक जाड वायर.

त्यानंतरच्या पिढीत डेल्को गेला आणि दोन सिलिंडरना मिळून एक कॉइल आली. चार सिलिंडरच्या इंजिनात १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. जोडीतल्या दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी मिळते. एक सिलिंडर कॉम्प्रेशनला असतो, दुसरा धूर बाहेर टाकत असतो, म्हणून दुसरी ठिणगी वाया जाते. प्लग वायर मात्र याही रचनेत असतात.

आत्ताच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत, मारुतीच्या के-सिरीज इंजिनांसकट, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर स्वतःची कॉइल बसते. जाड वायर नाहीच. तिच्या जागी कॉइलच्या नळीत एक स्प्रिंग आणि खाली रबरी बूट. वायर गेली तरी तिचं दुखणं गेलेलं नाही, ते या बुटात येऊन बसलंय.

प्लग काढताना

इंजिन पूर्ण गार हवं. गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग ओढाल तर आटे बरोबर घेऊन येतील. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवा. के-सिरीजच्या काही गाड्यांत कॉइलवर एअर फिल्टरचा डबा असतो, तो आधी उचलावा लागतो.

कनेक्टरचं लॉक दाबून कनेक्टर ओढा, वायर धरून नाही. जुनं प्लास्टिक कडक झालेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरने उचकटलं की कान तुटतो, कनेक्टर ढिला राहतो आणि मग खड्ड्यागणिक मिसिंग सुरू होतं. कॉइलचा बोल्ट बहुतेक १० नंबरचा. तो काढल्यावर कॉइल डावी-उजवीकडे थोडी फिरवून बूट सुटा करा आणि मगच सरळ वर ओढा. तिरकी ओढली तर बूट आत तुटून राहतो. प्लग वायरचंही तसंच : बूट धरा, पिळा, ओढा. वायर धरून ओढली की आतला कार्बनचा धागा तुटतो आणि बाहेरून वायर नवीकोरी दिसते.

प्लग ढिला करण्याआधी प्लगच्या खड्ड्यात हवा मारा. तिथे साठलेली धूळ, वाळू, पानांचा चुरा प्लग निघाल्याबरोबर सिलिंडरमध्ये पडतो. कॉम्प्रेसर नसेल तर सायकलचा पंप चालतो. खड्ड्यात ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरखालची, प्लगच्या नळीभोवतीची सील गळतेय. ती बदलल्याशिवाय नवी कॉइल बसवू नका, ऑइलमध्ये भिजून बूट फुगतो आणि मऊ पडतो.

पाना साधारणपणे १६ नंबरचा, जुन्या गाड्यांना २१ चा, काही नव्या बारीक प्लगना १४ चा लागतो. आत रबर किंवा चुंबक असलेलाच घ्या. प्रत्येक प्लग आणि कॉइल काढल्याच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा, १ नंबरपासून. टायमिंग बेल्टच्या किंवा चेनच्या बाजूचा सिलिंडर सहसा १ नंबर असतो. हा क्रम विसरलात तर पुढची निम्मी माहिती वाया गेली.

प्लग काय सांगतो

फिकट तपकिरी किंवा करडा प्लग म्हणजे सिलिंडरची तब्येत ठणठणीत. कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त जातंय किंवा गाडी नुसती दोन-दोन किलोमीटर चालते, प्लग तापतच नाही. ओलं, चिकट काळं : ऑइल वर येतंय, रिंग किंवा व्हॉल्व्ह सील पाहा. पांढराफटक आणि टोकाला वितळल्यासारखे दाणे असलेला प्लग जास्त तापलाय. एकच प्लग असा वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरचा, सगळे सारखेच काळे असतील तर दोष पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा.

आता वरचा पांढरा चिनीमातीचा भाग निरखून पाहा. त्यावर उभी काळी, पेन्सिलीने ओढल्यासारखी रेघ असेल तर वीज गॅपमधून न जाता बाहेरून धातूच्या अंगावर उतरलीय. तशीच रेघ बुटाच्या आतून सापडेल. इथे हमखास चूक होते : प्लग नवा बसवतात, बूट जुनाच ठेवतात. बुटातली ती कार्बनची रेघ म्हणजे विजेची तयार पायवाट, काही दिवसांत नव्या प्लगवरही तीच रेघ उमटते. प्लग आणि बूट दोन्ही एकदम बदला. बऱ्याच कॉइलना बूट आणि स्प्रिंग सुटे मिळतात, आख्खी कॉइल घ्यायची गरज पडत नाही.

चिनीमातीच्या मुळाशी, धातूला लागून, तपकिरी कडं दिसलं तर घाबरू नका. ते विजेच्या उच्च दाबामुळे ओढल्या गेलेल्या तेलकट धुळीचे कण असतात, दोष नव्हे. ‘कॉम्प्रेशन लीक आहे’ म्हणून तेवढ्यावर हेड उघडायला लावणाऱ्याच्या नादी लागू नये.

गॅप फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. जुन्या गाड्यांत ०.६ ते ०.८ मिमी, नव्या गाड्यांत बहुधा ०.८ ते १.१ मिमी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. एनजीकेच्या प्लगवर शेवटी १० लिहिलं असेल तर कारखान्यातून गॅप १.० मिमी, ११ असेल तर १.१ मिमी. साध्या निकेलच्या प्लगचा गॅप ढोबळमानाने दर १०,००० किलोमीटरला दहावा हिस्सा मिलिमीटर वाढतो. ०.८ चा गॅप १.२ वर गेला की ठोकून कमी करत बसू नका. कडा गोल झालेल्या असतात आणि गोल कडेवरून ठिणगी उडवायला दाब जास्त लागतो. नवा घ्या. इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक सुईसारखं बारीक आणि ठिसूळ असतं. पाचर किंवा नाण्यासारखं गेज त्यावर दाबलं की मोडलंच. गॅप जुळवायचाच असेल तर फक्त बाहेरची पट्टी हलवा.

हीट रेंजचा (प्लग उष्णता किती लवकर सोडतो त्याचा) आकडा ही आणखी एक फसगत. एनजीके आणि डेन्सोच्या प्लगवर मोठा आकडा म्हणजे थंड प्लग. बॉशवर उलट, मोठा आकडा म्हणजे गरम. दुकानदाराने ‘दोन्ही सहाच आहेत’ म्हणून दुसऱ्या कंपनीचा प्लग दिला तर घेऊ नका, गाडीच्या मॉडेलप्रमाणे तक्त्यातून नंबर काढायला सांगा. नकली प्लगही सर्रास विकले जातात : छपाई पुसट, वॉशर हाताने सहज निघतो, आटे खरखरीत, मधलं टोक पट्टीच्या मधोमध नाही.

बसवताना

प्लगच्या डोक्याला हातभर रबरी नळी अडकवा आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आत चढवा. आटे तिरके लागले तर नळी निसटते, पाना मात्र निसटत नाही, तो आटे कापत जातो. पूर्ण हाताने बसल्यावर टॉर्क रेंच : १४ मिमी आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला ॲल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीला १५ ते २०, १० मिमीला १० ते १२. रेंच नसेल तर १४ मिमीच्या नव्या प्लगला हाताने घट्ट झाल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, वापरलेल्याला जेमतेम एक द्वादशांश, कारण वॉशर आधीच दबलेला असतो. वॉशर नसलेल्या, शंकूच्या बैठकीच्या प्लगला एक षोडशांश फेऱ्यापेक्षा जास्त नको. आट्यांना ग्रीस किंवा कॉपर पेस्ट लावायची सवय असेल तर सोडा. प्लगवर आधीच मुलामा असतो. वर पेस्ट लावली की तोच टॉर्क प्रत्यक्षात कितीतरी जास्त ताण देतो आणि प्लगची मान तुटते. प्लग ढिला राहणंही वाईटच, त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही.

बुटाच्या आतल्या कडेला सिलिकॉनच्या डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात फिरवा. धातूच्या टोकावर थापू नका. बूट दाबताना ‘टक्’ असं बसल्याचं हाताला कळतं. कॉइलचा बोल्ट लहान आहे, मनगटाच्या जोराने बस्स.

प्लग वायर तपासणं आणि ओढणं

मल्टिमीटर किलोओहमवर ठेवून वायरच्या दोन्ही टोकांत मोजा. कार्बनच्या धाग्याच्या वायरला मीटरमागे साधारण १० ते २० किलोओहम येतात. आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची : लांबीच्या मानाने एक वायर बाकीच्यांपेक्षा दुप्पट दाखवत असेल तर ती गेली. मोजताना वायर वाकवा, पिळा. आकडा उड्या मारायला लागला तर आतला धागा तुटलाय. एक वायर गेली तरी आख्खा सेट बदलणं शहाणपणाचं, चौघींचं वय एकच असतं. रेझिस्टन्स नसलेल्या नुसत्या तांब्याच्या वायर ‘जास्त करंट मिळतो’ म्हणून विकतात. रेडिओ खरखरतो आणि नव्या गाड्यांत सेन्सरचे सिग्नल बिघडतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

वायर कशा ओढल्यात यालाही अर्थ असतो. चार सिलिंडरचा नेहमीचा क्रम १-३-४-२. म्हणजे ३ नंतर लगेच ४ आणि २ नंतर लगेच १. या शेजारशेजारच्या सिलिंडरच्या वायर चिकटून, समांतर बांधल्या तर एकीच्या झटक्याने दुसरीत वेळेआधीच वीज उतरू शकते. म्हणून ३-४ आणि १-२ वेगळ्या ठेवा. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. प्लास्टिकच्या क्लिपा तुटल्या की नव्या घाला, सगळ्या वायर झिप-टायने एकत्र आवळणं दिसायला टापटीप असलं तरी घातकच.

डेल्कोवाल्या गाडीत क्रम चुकला तर

सगळ्या वायर एकदम काढल्या आणि कुठली कुठे ते आठवेना, असं झालं तर १ नंबरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या फिरण्याच्याच दिशेने फिरवा. अंगठा बाहेर ढकलला जायला लागला की कॉम्प्रेशन आलं. आता टायमिंगची खूण जुळेपर्यंत सावकाश पुढे न्या. डेल्कोची टोपी काढून रोटर (टोपीखाली फिरणारा तुकडा) कुठे रोखलाय ते पाहा : तिथलं घर १ नंबरचं. तिथून रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने मारुती ८०० ला १-३-२, अँबेसेडर-पद्मिनीला १-३-४-२. अंगठ्याची पायरी गाळून नुसती खूण जुळवली तर निम्म्या वेळा उलट्या स्ट्रोकला सापडाल. मग गाडी चालू होण्याऐवजी कार्बोरेटरमधून फाट्‌फाट् आवाज येतो.

टोपी आतून पुसून उजेडात धरा. केसासारखी काळी फाटे फुटलेली रेघ दिसली तर टोपी बदला, खरवडून फायदा नाही. मधला कार्बनचा खुंट स्प्रिंगवर खालीवर व्हायला हवा. पॉइंटवाल्या गाडीत पॉइंटचा (कॉइलचा प्रवाह तोडणाऱ्या डेल्कोतल्या संपर्कांचा) गॅप ०.४० मिमीच्या आसपास. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सर बदला. कॉइल घेताना मोजून घ्या : थेट १२ व्होल्टवर चालणारी सुमारे ३ ओहमची असते, बॅलास्टबरोबरची (कॉइलच्या आधी वेगळा रेझिस्टर असलेली) सुमारे १.५ ओहमची. बॅलास्ट नसलेल्या गाडीत दीड ओहमची बसवली तर पॉइंटही जळतात आणि कॉइलही भाजते. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवण्याची खोडही या गाड्यांत कॉइलला महागात पडते.

कॉइल खरंच गेली का

नव्या गाडीत सगळ्यात खात्रीची परीक्षा अदलाबदलीची आहे आणि ती फुकट आहे. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावा, तो दोषाचा कोड दाखवतो. पी०३०० म्हणजे कुठेही, कसंही मिसिंग. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे त्या-त्या नंबरचा सिलिंडर. पी०३५१ ते पी०३५४ म्हणजे त्या कॉइलच्या सर्किटमध्ये दोष. समजा पी०३०२ आला. २ ची कॉइल ३ वर आणि ३ ची २ वर लावा, कोड पुसा, गाडी चढावर नेऊन आणा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी०३०२ वरच राहिला तर तसाच खेळ प्लगचा करा. तरी हलला नाही तर इंजेक्टर, वायरिंग किंवा कॉम्प्रेशन. कॉइलवर एक रुपयाही घालू नका. कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम हलवू नका, मग कोड सरकला तरी कोणामुळे ते कळणार नाही.

मल्टिमीटरने कॉइल मोजायचा मोह होतो. दोन पिनांच्या कॉइलची प्राथमिक गुंडाळी मोजता येते, बहुधा अर्धा ते दीड ओहम. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये इग्नायटर (प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आतच असतो, तिथे ओहमचा आकडा काहीच सांगत नाही. त्याऐवजी कनेक्टर पाहा : चावी चालू केल्यावर एका पिनेवर बॅटरीइतके व्होल्ट, एका पिनेला पक्की अर्थ आणि तिसरीवर, इंजिन फिरत असताना, ईसीएमचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सुमारे ५ व्होल्टचा ठोका. या तिसऱ्या पिनेला बल्बचा टेस्टर लावू नका, त्याच्या प्रवाहाने ईसीएमचं आउटपुट जळू शकतं. एलईडीचा टेस्टर वापरा.

जोडीच्या कॉइलमध्ये १ आणि ४ दोन्ही एकदम मेले तर संशय कॉइलवर. दोघांतला एकच मेला तर त्याच्या वायरवर किंवा प्लगवर.

ठिणगी पाहायची असेल तर स्पार्क टेस्टर वापरा आणि आधी पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. चालू इंजिनवर कॉइल उपटून ‘आवाज बदलतो का’ ते पाहणं ही कार्बोरेटरच्या जमान्यातली युक्ती आजच्या गाडीत करू नये. ठिणगीला वाट मिळत नाही, कॉइल स्वतःच्या पोटात फुटते आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर घरी जाता येईल. तो लुकलुकत असेल तर मिसिंगमुळे कन्व्हर्टर तापतोय, गाडी बाजूला घ्या.

पावसाळा, सीएनजी आणि उंदीर

पहिल्या पावसात सकाळी बंद पडणाऱ्या जुन्या गाडीत ओल डेल्कोच्या टोपीवर आणि वायरींवर असते. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून फवाऱ्याच्या बाटलीने वायरींवर बारीक तुषार मारा, हात लांब ठेवून. जिथून निळी ठिणगी सरपटते तिथे गळती. कोरड्या फडक्याने पुसून, डब्ल्यूडी-४० मारून तात्पुरतं भागतं. डेल्कोला प्लास्टिकची पिशवी बांधणं मात्र उलटंच पडतं, आत घाम धरतो. किनाऱ्यालगत खारी हवा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढवते, तो काँटॅक्ट क्लीनरने जातो. वॉशिंग सेंटरवर इंजिनवर प्रेशरचं पाणी मारल्यावर मिसिंग सुरू झालं तर प्लगच्या खड्ड्यांत पाणी साचलंय : कॉइल काढा, हवा मारा, बूट वाळवा. एवढ्यावर कॉइल बदलायची नाही.

सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाब लागतो. म्हणून पेट्रोलवर गाडी लोण्यासारखी आणि गॅसवर धक्के, असं असेल तर आधी प्लग काढा. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत गॅप थोडा कमी, ०.७ ते ०.८ मिमी ठेवल्याने फरक पडतो. कंपनी-फिटेड गाडीत पुस्तकातलाच आकडा ठेवा. गॅसवर प्लग लवकर बदलावे लागतात हे धरूनच चाला.

महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत कॉइलच्या बारीक वायर उंदीर कुरतडतात. पीळ मारून वर टेप गुंडाळलेला जोड उष्णतेने सुटतो आणि आत गंजतो. दोन जोड एकाच जागी येऊ न देता एकेक वायर सोल्डरचा डाग लावून जोडा, वर हीट-श्रिंक नळी चढवा आणि हार्नेस जुन्याच क्लिपांत बसवा. एग्झॉस्टच्या बाजूला लोंबणारी वायर उंदराने सोडली तरी उष्णता सोडत नाही.